मांडीखालचा हात

हॅलो?… हॅलो, कोण?… अफ्रिये? अगं, तू मयताला गेली होतीस ना? मग इतक्या लवकर…

कोण? न्हीरा?… तू आहेस होय! मला वाटलं, तुझी आई. … आईचा फोन घरीच राहिला? … काळं-लाल नेसून घाईघाईत निघाली आणि फोन चार्जिंगलाच विसरली. बरं. म्हणजे तू न विचारता लावलास… नाही, नाही, रागावत नाही. नुसतं लक्षात ठेवलं. जुन्या मास्तरांना खोड असते.

मी कुठे असणार? शनिवार आहे ना आज. कुमासीत, हॉस्पिटलात, माझ्या सहा नंबरच्या खुर्चीत. … हो, तो घर्र घर्र आवाज मशीनचाच. … दुखत नाही गं. चार तास नुसतं बसायचं. तू बोल, मला वेळच वेळ आहे.

काय? … हो, मयताला मला कुठलं जायला मिळतंय! बुधवार आणि शनिवार, दोन्ही दिवस या खुर्चीचे. आणि आपल्याकडे माणसं पुरतात शनिवारीच. उद्या मी गेलो ना, तर माझ्या स्वतःच्या मयतालाही मला यायला जमायचं नाही. … हसलीस? हसायचंच आहे ते.

पण हा नाकाचा सूं सूं आवाज कसला? … रडत होतीस? … नव्हतीस. बरं. मग न रडता सांग, काय झालं.

मॅडम कोनादू? काय केलं मॅडम कोनादूनी? … सावकाश. पहिल्यापासून. … हं. … पेन्सिल डाव्या हातात धरली. … मग? … डावा हात मांडीखाली घालून बसायला लावलं. … अख्खा तास? … मुंग्या येणारच बाळ, त्या हातावर अख्खी न्हीरा बसलेली.

आणि सोमवारी परीक्षा. … उजव्याने लिहिलं की अक्षरं पडतात, निम्मा पेपर राहतो. … कळलं. … आणखी काय म्हणाल्या? … परत सांग. … "ही शिस्त आम्हाला तुझ्याच आजोबांनी लावली." … असं म्हणाल्या. वर्गासमोर.

…

आहे, आहे. ऐकतोय मी. मशीन जरा… नाही, मशीनला काही झालेलं नाही.

हो, खरं आहे ते. कोनादू माझ्याच वर्गात होती, तिसरीत. एकदा तिने मला डाव्या हाताने खडू दिला. … मग काय, बसवलं हातावर. सगळ्यांनाच बसवायचो. मारलं नाही कधी कुणाला, हं! मला वाटायचं, मारत नाही म्हणजे मी फार प्रेमळ मास्तर.

भिंतीवरचं चित्र? … अजून आहे ते? आजीला उजव्या हाताने संत्रं देणारा मुलगा? … रंग उडालाय? उडेल नाहीतर काय! तेहेतीस वर्षं झाली त्याला. … हो, मीच काढलंय. … आजीचा चेहरा छान आहे? … बरं वाटलं ऐकून. … त्याच्याखालीच बसवलं होतं तुला? … हं.

थांब हं न्हीरा. सिस्टर फ्रेमा आल्यात. … काय सिस्टर? … नाही हो, मीठ अजिबात नाही. खारवलेल्या मासळीकडे नुसतं बघितलं, तेही लांबून. … हात? हो, उजवा सुजलाय थोडा. अंगठी रुतते. … मिठानेच असेल, बरोबर, पण मी खाल्लं नाही. … नाही, केळंही नाही. … नातीशी बोलतोय. … हो, दाबून बघा हवं तर. … गेल्या.

हं, बोल. … आई काय म्हणते? … "नाना सोमवारी पुन्हा पळणार." … असं म्हणते तुझी आई! कुणाला म्हणाली? … मावशीला. … आणि तू दाराआड उभी होतीस. हेही लक्षात ठेवलं.

सोमवारी काय आहे ते माहीत आहे तुला? … ऑपरेशन. पण कशाचं? … माहीत नाही. मग आई पळणार म्हणते ते कशावरून कळणार तुला? आधी समजून घे. वही नको, ऐक नुसतं.

आपल्या पाठीत दोन मूत्रपिंडं असतात, मुठीएवढी. रक्त गाळतात, धुतात. माझी दोन्ही निवृत्त झाली. माझ्यासारखीच, पण सांगून ना सवरून. म्हणून हे मशीन माझं रक्त धुतं. आता रक्त मशीनपर्यंत जायला वाट नको का? … शाबास. तीच ती नळी. गळ्याच्या उजव्या बाजूला शिरेत शिरते, कातडीखालून येते आणि छातीवर बाहेर डोकावते. दोन शेपट्या आहेत तिला. लाल टोपीची आणि निळ्या टोपीची. … लालमधून रक्त जातं, निळ्यातून धुऊन परत येतं. … नाही गं, सांडत नाही.

आतलं टोक? ते थेट काळजाच्या दारात. म्हणूनच तर ती भिजलेली चालत नाही. तीन वर्षं मी बादलीभर पाणी डोक्यावर ओतलेलं नाही. ओल्या फडक्याने अंग पुसायचं, मांजरासारखं. … हो, तरी दोनदा जंतू आत शिरले. थंडी वाजून दात असे वाजायला लागले की शेजारच्या खुर्चीतले बाफो म्हणाले, मास्तर, ढोल कुणासाठी वाजवताय. … हसू नकोस, तेव्हा मी मरायला टेकलो होतो. डॉक्टर नॉर्टे म्हणाले, तिसऱ्यांदा झालं तर मी शब्द देऊ शकत नाही.

आणि गंमत सांगू? ही नळी बसवली तेव्हा म्हणाले होते, तात्पुरती आहे, सहा आठवड्यांसाठी. … हो. सहा आठवडे. … किती झाले? तूच काढ. वर्षाचे बावन्न, तीन वर्षं… एकशे छप्पन्न. शाबास. उजव्या हाताने काढलंस की डाव्या? … तोंडी. हुशार आहेस.

तर सोमवारी डॉक्टर मनगटाजवळच्या दोन रक्तवाहिन्या एकमेकींना जोडणार. त्याला फिस्टुला म्हणतात. मग ती शीर फुगते, जाड होते, आणि पुढे त्याच शिरेत सुया घालून मशीनला जोडतात. नळी गेली! … हो, मग बादली. डोक्यावर बदाबदा. … आणि त्या शिरेवर बोट ठेवलं ना, तर आत मधमाशी अडकल्यासारखं गुणगुणतं. बाफोंच्या हातात आहे. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना हात लावून ऐकवतात, रेडिओ असल्यासारखं.

इतकं चांगलं आहे तर का पळालो? … आठ वेळा नाही, सात वेळा. … पहिल्यांदा नव्या कंदांचा सण होता. मग ईस्टर आला. मग माझे काका वारले. … हो, तेच, जे मागच्या महिन्यात तुला बिस्किटं देऊन गेले. … दोनदा वारले ते, काय करणार. डॉक्टरांना खोटं बोललो, हो. तुझ्या आईलाही.

का म्हणजे… मोठ्या माणसांची कारणं असतात.

"कोणती?" … तुला वकील करायला हवं.

हे बघ, डॉक्टर आलेत. पहिल्या खुर्चीपाशी आहेत. अक्राहून महिन्यातून एकदा येतात, एकेक करत इथपर्यंत येतील. … वेळ आहे अजून. … हो, तुझं काम विसरलो नाही. मी मॅडमना फोन करावा. … काय सांगू? "न्हीराला डाव्या हाताने लिहू द्या." … एवढंच?

एवढंच.

न्हीरा, मी तुला एक सांगतो. पण हळू बोलावं लागेल. फोन कानाला घट्ट लाव. … लावलास? … तुझ्याजवळ दुसरं कुणी नाही ना? … बकरी आहे? तिचं चालेल.

आत्ता फोन माझ्या कोणत्या हातात आहे, सांग. … चूक. डाव्या. … हो. माझ्या डावीकडे भिंत आहे. म्हणून तर मी सहा नंबर मागून घेतला. सगळ्यांना वाटलं, मास्तरांना खिडकी आवडते.

मी तुझ्यासारखाच आहे. … जन्मापासून. … नाही, कुणालाही नाही. तुझ्या आजीला माहीत होतं. मला माझ्या मास्तरांनी हातावर बसवलं. त्यांनी मारलंही. मग मी उजव्याने लिहायला शिकलो, आणि इतका छान शिकलो की मास्तर झालो. पण नाजूक काम आलं की… दार लावून. तुझ्या वाढदिवसाचे लाकडी पक्षी? डाव्याने. ते ओवारे खेळायचे लाकडी पट, त्यांतले बारा खड्डे? डाव्याने. … हो. … हो, तेसुद्धा. उजव्या हाताने संत्रं देणारा तो मुलगा मी वर्गाचं दार लावून डाव्या हाताने काढला.

हस. हस, हस. मीही तेच करायला हवं होतं, तेहेतीस वर्षांपूर्वी.

आता ऐक. ऑपरेशन करतात ते सहसा कमी वापराच्या हातावर. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी विचारलं, मास्तर, कोणता हात वापरता? खच्चून भरलेल्या खोलीत. आणि इथे तिसऱ्या खुर्चीत कोण बसतं माहीत आहे? मॅडम कोनादूंची आई. … हो, आपल्याच गावच्या. मी काय सांगणार? छाती पुढे काढून म्हणालो, उजवा! त्यांनी कागदावर लिहिलं, उजवा. म्हणजे ऑपरेशन डाव्यावर. म्हणजे माझे पक्षी, माझे पट… संपलं सगळं. म्हणून पळालो. सात वेळा. … वेडेपणाच, हो. काळजाच्या दारात जंतू आले तरी चालतील, पण कोनादूच्या आईला कळता कामा नये.

आता? … आता सांगू? … अगं, दुसऱ्या खुर्चीपाशी आलेत ते. … तू ऐकतेस म्हणून का सांगायचं? … हं. … "तुम्ही सांगितलंत तर मी पण लपवणार नाही." … हे मास्तरांशी बोलायचं वळण तुला कुणी लावलं?

तिसऱ्या खुर्चीपाशी. … मॅडमची आई त्यांना पायाची सूज दाखवतेय. आता अर्धा तास. … नाही, उरकलं. … चौथी रिकामी आहे. … बाफो झोपलेत, त्यांना सोडून पुढे आले. न्हीरा, ठेवू नकोस. आणि तोंडातून आवाज काढू नकोस.

या डॉक्टर. … बरा आहे. … हो, सोमवारी. येणार. … नाही, या वेळी काका धडधाकट आहेत. … डॉक्टर, एक सांगायचं होतं. ते पहिल्या दिवशी तुम्ही लिहिलं होतंत ना, उजवा हात वापरतो म्हणून. ते चुकलंय. … तुमचं नाही. माझं. मी… मी डावखुरा आहे.

अं? … मशीनचा आवाज… हो. … डाव… डावखुरा आहे. … ऐकू नाही आलं? … मी म्हटलं, मी डावखुरा आहे!

…

हो. आता आलं. सगळ्यांनाच आलं.

तर तुम्ही उजव्या हातावर करा ऑपरेशन. एवढंच. … तुम्ही हसताय का डॉक्टर? … हसत नाही. मग? … अंगठी? हो, रुतते. सिस्टर म्हणतात मिठाने… मिठाने नाही? … नळीने. … म्हणजे, तीन वर्षं नळी आत घासून घासून उजव्या बाजूची मोठी शीर चिंचोळी झाली. म्हणून हात सुजतो. … मागच्या महिन्याच्या तपासणीत दिसलं. … म्हणजे उजवा आता चालणारच नाही.

थांबा. एकेक पायरी घेऊ. तीन वर्षांपूर्वी मी खरं बोललो असतो, तर तुम्ही उजवा घेतला असता. … मी खोटं बोललो, म्हणून डावा ठरला. डावा वाचवायला मी पळालो. पळालो म्हणून नळी राहिली. नळी राहिली म्हणून उजवा गेला. आणि आता उरला… डावा. … बरोबर ना? … पैकीच्या पैकी. आभारी आहे.

मग माझी चित्रं… नाही, काही नाही. पेन्सिल धरता येईल का, एवढंच विचारायचं होतं. … येईल? … पेन्सिल, पटाशी, सगळं? … म्हणजे हात निकामी होत नाही? … जड उचलायचं नाही, घट्ट घड्याळ बांधायचं नाही, त्या हाताला रक्तदाबाचा पट्टा नाही, रक्त काढायला सुई नाही. एवढंच. … बाकी जितका वापराल तितकं चांगलं!

अहो, मग हे तीन वर्षांपूर्वी का नाही सांगितलंत? … मी विचारलंच नाही. … बरोबर आहे. उजव्या हाताचा माणूस डाव्याची चौकशी कशाला करेल.

हा काय, चेंडू? … रबरी. … आजपासून दाबायचा, शीर तयार व्हायला. डाव्या हातात. … घरात दार लावून… नाही? सगळीकडे? चर्चमध्ये? … गावच्या राजासमोर बसल्यावरही? डाव्या हातात चेंडू घेऊन? … डॉक्टरांचा हुकूम आहे म्हणून सांगू. … बरं. आणि नळी कधी काढणार? सोमवारी? … नाही. फिस्टुला पिकेपर्यंत ठेवावी लागेल. … किती दिवस?

सहा आठवडे.

… नाही डॉक्टर, काही नाही. जुनी ओळख आहे माझी सहा आठवड्यांशी. … येतो. सोमवारी, सातला. उपाशी.

न्हीरा? आहेस? … ऐकलंस सगळं? … बकरीनेही ऐकलं. … नाही, रागावले नाहीत. सिस्टर फ्रेमा तोंड फिरवून हसतायत, औषधाची बाटली उगाच पुसतायत. बाफो जागे झालेत. … काय हो बाफो? … ते म्हणतात, मला पहिल्यापासून माहीत होतं, मास्तर भिंतीकडे तोंड करून पेन्सिलीला टोक करतात. … तीन वर्षं बोलला नाहीत? … म्हणतात, मोठ्या माणसाला कसं बोलायचं!

तिसरी खुर्ची? … तिने फोन काढलाय. बोटं चाललीत भराभर. संध्याकाळी मयतावरून माणसं घरी परततील तेव्हा गावात सगळ्यांना माहीत असेल. … हो, मॅडम कोनादूंनाही. आईकडूनच.

मग माझ्या फोनची गरज नाही म्हणतेस? … आहे बाळ. ती सांगेल, मास्तर डावखुरे निघाले. मास्तर चुकले, हे ती नाही सांगणार. ते मलाच सांगावं लागेल. … फोनवर नको. चिठ्ठी लिहितो. मॅडमची आई आजच गावी परत जाते, तिच्याबरोबर देतो. … हो, सोमवारच्या आत पोचेल.

डाव्या हाताने लिहू? … अगं, मॅडम कोनादू माझं उजव्या हाताचं अक्षर फळ्यावर वर्षभर बघत होती, तेच ओळखेल ती. … डाव्याने कधी लिहिलंच नाही मी. नुसती चित्रं. हा हात कधी शाळेत गेलेला नाही न्हीरा. एकाहत्तर वर्षांचा झाला. … वेडंवाकडं येईल. तिसरीतल्या पोरासारखं. … "मग काय झालं, मी पण तिसरीत आहे." … हं. … हं. बरं.

सिस्टर, एक कागद मिळेल का? आणि पेन्सिल. … औषधाच्या चिठ्ठीची मागची बाजू चालेल.

आणि तू काय करायचंस, ऐक. कुणाला काही देशील, कुणाला हात हलवशील तेव्हा उजवाच. त्यात माणसांचा मान आहे, तो ठेवायचा. पण पेन्सिल कुणाचा अपमान करत नाही. पेपर आहे तो, आणि तू पेपर कुणाच्या तोंडावर फेकणार नाहीस. … फेकणार नाहीस ना? … विचार केलास म्हणजे काय!

आणि परीक्षा झाली की त्या चित्राखाली जा आणि त्या मुलाकडे नीट बघ. त्याचा डावा हात मी पाठीमागे काढलाय. … का? मला तेव्हा वाटलं, हात काढायला अवघड असतात म्हणून. … हो. नवीन चित्र काढू. दोन्ही हात दिसणारं.

चल, सिस्टरने कागद आणला. आता आईचा फोन चार्जिंगला लाव, जसा होता तसा. … मी सांगणार नाही. … तूही पटकन सांगून टाक मात्र, माझ्यासारखी तीन वर्षं लावू नकोस.

थांब, फोन उजव्या हातात घेतो. डावा आता लिहायला लागेल. … अगं, या हाताला फोन धरायचीसुद्धा सवय नाही… बोट सुजलेलं… कान कुठे गेला… हां, आता ऐकू येतंय का? … न्हीरा? … हे काय लागलं अंगठ्याला? … नाही, नाही, लाल बटण नको, लाल नको…

हॅलो? … हॅलो?

सिस्टर, फोन कटला हो. … असू दे. तो कागद द्या इकडे. … नाही, इकडे. या हातात.